साळूचे चार खडे

आडवळणाच्या एका गावात वेळ मोजणारा एक माणूस होता. त्याचं नाव सटवाजी गुरव. गावच्या महादेवाच्या देवळात त्याच्याकडे घटिकापात्र होतं. घटिकापात्र म्हणजे फार मोठं काही नाही. तांब्याची एक वाटी, तिच्या बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. ती घंगाळातल्या पाण्यावर सोडायची. भोकातून पाणी हळूहळू आत येतं, वाटी भरते आणि बुडते. वाटी बुडली की एक घटका झाली. मग सटवाजी पितळी थाळीवर एक टोला द्यायचा आणि वाटी पुन्हा पाण्यावर सोडायचा. दिवसभरात अशा तीस वाट्या बुडत.

आता खरं सांगायचं तर यात त्याचं काम एवढंच, की वाटीकडे बघत बसायचं. पण ते त्यानं तीस वर्षं इमानानं केलं. सूर्य उगवताना बसला की मावळेपर्यंत उठायचा नाही. भाकरीसुद्धा तिथंच खायची. गावातली लग्नं त्याच्या टोल्यावर लागत. लोक म्हणत, एक वेळ कोंबडा चुकेल पण सटवाजी चुकायचा नाही. असं तीस वर्षं ऐकल्यावर कुणालाही थोडा गर्व होतोच, तसा त्यालाही झाला होता.

साळू ही त्याची थोरली बहीण. बहीण कसली, आईच म्हणा. मोठ्या दुष्काळात आईबाप गेले तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि हा तान्हा. तिनं त्याला झोळीत घातलं आणि चालत चालत भानुगड गाठला. भानुगड ही राज्याची जुनी राजधानी. दुष्काळात लोकांच्या पोटात दोन घास जावेत म्हणून राजानं तिथं एक धाकटं तळं बांधायला काढलं होतं. साळूनं तिथं आठ-नऊ महिने भिंतीचा चुना गोट्यानं घासून गुळगुळीत केला. मूल पाठीशी बांधलेलं आणि हातात गोटा. चुन्यानं तिच्या तळहातांची जी सालं गेली ती कायमचीच. म्हातारपणीसुद्धा तिनं भावाच्या गालावरून हात फिरवला तर खरबरीत लागायचा.

पाऊस झाला तशी ती भावाला घेऊन गावी आली. पुढं तिचं लग्न झालं, पण दोन वर्षांत नवरा गेला आणि ती भावाकडे परतली. त्यानंतर तिनं त्याचं घर सांभाळलं, त्याची मुलं वाढवली. स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. आणि न मागणाऱ्या माणसाला काही हवं असेल हे कुणाच्या मनातही येत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

साठी उलटल्यावर एक दिवस मात्र तिनं मागितलं. ती म्हणाली, "सटवा, एकदा भानुगडला चल माझ्याबरोबर. तुला तिथं एक गंमत दाखवायची आहे."

कसली गंमत, असं त्यानं विचारलं. ती हसली. सांगून त्यातली मजा जाईल, तिथं गेल्यावरच बघ, म्हणाली. धाकट्या तळ्याच्या मागच्या भिंतीपाशी आहे, एवढंच तिनं सांगितलं.

सटवाजीनं होकार दिला. बहिणीनं पहिल्यांदाच काही मागितलं होतं, नाही कसं म्हणेल? त्याचा जीव होता तिच्यावर. वाईट माणूस नव्हता तो, हे आधीच सांगून ठेवतो.

पण भानुगडाचा एक नियम होता. बाहेरच्या माणसाला गडाच्या आत वर्षातून एकच दिवस सोडत. राज्याभिषेकाच्या तिथीला सूर्य उगवला की महाद्वार उघडायचं आणि सूर्य मावळला की नौबत वाजायची. नौबत थांबेपर्यंत सगळ्या पाहुण्यांनी बाहेर पडायचं. गावाहून गाडीनं चार दिवस जायला, चार दिवस यायला, आणि मध्ये बघायला हा एवढाच दिवस.

सटवाजी देवळाच्या ओसरीवर बसला आणि त्यानं तीस खडे गोळा केले. एक खडा म्हणजे एक घटका. गावात जे जे कुणी भानुगड पाहून आले होते त्यांना त्यानं बोलावून घेतलं. पाटील बारा वर्षांपूर्वी जाऊन आला होता आणि त्यानं सहा ठिकाणं पाहिली होती. ती सहा ठिकाणं तो अजून दर सणाला देवळात बसून सांगायचा. सटवाजीच्या डोक्यात तेव्हाच किडा शिरला. पाटलानं सहा पाहिली ना, मग आपण नऊ बघू. वेळ कसा वापरायचा हे आपल्याहून जास्त कुणाला कळणार?

तो रोज खडे मांडायचा आणि मोडायचा. दरबाराला पाच घटका, गजशाळेला तीन, मोठ्या तोफेला दोन, देवीच्या दर्शनाला चार. टांकसाळ पाहिजे, शस्त्रागार पाहिजे, राणीची बाग तर पाहिजेच. असे सव्वीस खडे संपले. उरलेले चार त्यानं साळूच्या हातावर ठेवले.

"हे तुझ्या तळ्याचे," तो म्हणाला. "दिवसाचे शेवटचे चार."

"चार कशाला रे," ती म्हणाली. "अर्धी घटका पुष्कळ झाली."

तिनं ते चार खडे पदराच्या टोकाला बांधले. तिला इतका आनंद झाला की दोन दिवस ती येणाऱ्याजाणाऱ्याला ती गाठ दाखवत होती. सहल तिच्या मागण्यावरून निघाली होती आणि तिच्या वाट्याला दिवसाचं शेपूट आलं होतं, पण ते ना तिच्या मनात आलं, ना त्याच्या.

देवळातलं काम थोरल्या मुलावर सोपवून सटवाजी निघाला. बरोबर वाटी घेतली. आता वाटी घेतली म्हणजे पाण्याला घंगाळही आलंच. मोठं नको म्हणून त्यानं घरातलं लहान घंगाळ घेतलं, आणि ते साळूनं कडेवर घेतलं. राजधानी बघायला निघालेली बाई आणि कडेवर घंगाळ. वाटेत लोकांनी विचारलं, आजीबाई, तिथं पाणी मिळत नाही का? ती नुसती हसायची.

तिथीच्या दिवशी सूर्य उगवताना महाद्वार उघडलं. दोघं आत शिरली. शंभरेक पावलांवर रस्त्याच्या डाव्या हाताला एक निंबाचं झाड होतं आणि त्याच्याजवळून एक अरुंद गल्ली आत गेली होती. साळू तिथं थबकली. पन्नास वर्षं झाली होती, पण तिनं ती जागा लगेच ओळखली.

"सटवा, हीच गल्ली," ती म्हणाली. "आत पन्नास पावलं. आत्ताच बघून घेऊ का?"

सटवाजीनं हातातल्या खड्यांच्या पिशवीकडे बघितलं. "आक्का, तुझे खडे शेवटचे आहेत. आत्ताच काढले तर सगळी मांडणी विस्कटेल."

"बरं," ती म्हणाली. आणि घंगाळ या कडेवरून त्या कडेवर घेऊन त्याच्या मागून चालू लागली. पन्नास पावलं होती हो फक्त.

मग सुरू झालं त्यांचं राजधानी बघणं. दरबारात गेल्यागेल्या सटवाजीनं पाणी मागवलं, एका खांबाशी घंगाळ मांडलं, वाटी सोडली आणि बसला. समोर सात पिढ्यांचं सिंहासन होतं. सटवाजीनं ते मान वर करून चार वेळा बघितलं असेल, बाकी वेळ त्याचं लक्ष वाटीत. वाटी बुडली की तो पिशवीतला एक खडा बाहेर फेकायचा. भालदारांना वाटलं हे काहीतरी व्रत असावं. दोन बायकांनी येऊन घंगाळाला नमस्कारसुद्धा केला.

गजशाळेत तर भलतंच झालं. वाटी भरत आली होती, आता बुडणार, तेवढ्यात एका हत्तीनं सोंड पुढं केली आणि घंगाळ कोरडं केलं. वाटी तळाशी वाजली. माहूत पोट धरून हसला. साळूही हसली. सटवाजी काही हसला नाही. ही घटका धरायची नाही, असं म्हणून त्यानं पुन्हा पाणी आणलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाटी सोडली.

दुपार झाली. साळूचे पाय सुजले होते. एका ठिकाणाहून दुसरीकडे जायचं म्हणजे चढ होते, पायऱ्या होत्या, गर्दी होती. भरलेलं घंगाळ नेता येत नाही म्हणून दर वेळी पाणी ओतायचं, वाटी पुसून ठेवायची, चालायचं, नव्या जागी पुन्हा पाणी शोधायचं. तोफेपाशी ती पायरीवर टेकली आणि वर बघून म्हणाली, "ऊन उतरायला लागलं रे सटवा."

"उन्हाकडे बघू नकोस, आक्का. ऊन ऋतूप्रमाणे मागंपुढं होतं. वाटी होत नाही."

तिनं सुजलेले पाय चेपले. तिच्याकडे बघून त्याला वाईट वाटलं. तो म्हणाला, तुला एवढी ओढ लागली आहे तर तू पुढं जाऊन तळं बघून ये, मी इथं वाटीपाशी थांबतो.

तिनं मान हलवली. "मी एकटीनं बघून काय करू? तुलाच दाखवायचंय."

इथं, मंडळी, सटवाजीनं उठायला हवं होतं. वाटी घंगाळात, घंगाळ तिथंच टाकून, तिचा हात धरून उठायला हवं होतं. त्यानं पिशवीत हात घालून चाचपलं. बरेच खडे होते. पुष्कळ वेळ आहे, असं तो म्हणाला आणि पुन्हा वाटीकडे बघू लागला.

आठवं ठिकाण होतं शस्त्रागार. तिथून निघताना सटवाजीच्या पिशवीत चार खडे उरले होते. ते राणीच्या बागेचे. त्यानंतर साळूचे चार. सगळं कसं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. शस्त्रागाराच्या दारात त्यानं वाटी पुसली, आणि नौबत वाजायला लागली.

त्याला आधी वाटलं नौबतवाल्याचं काहीतरी चुकलं. त्यानं वर बघितलं. आकाश तांबडं झालं होतं आणि सूर्य तटाच्या पलीकडे गेला होता.

"असं कसं होईल?" तो म्हणाला. "अजून आठ घटका आहेत. आठ घटका गेल्या कुठं?"

"चालण्यात गेल्या रे," साळू म्हणाली. "आणि एक हत्ती प्याला."

तीस वर्षं हा माणूस एका जागी बसून वेळ मोजत आला होता. पाणी स्थिर असेल तरच वाटी मोजते. चालायला लागलं की वाटी कोरडी, पण दिवस थोडाच कोरडा राहतो! शेतावर जाणाऱ्या कुठल्याही माणसाला हे कळलं असतं. ज्याच्या टोल्यावर गाव चालत होतं, त्याला कळलं नाही.

मग तो पळाला. साळूचा हात धरून, एका हातात घंगाळ घेऊन, गर्दीतून वाट काढत पळाला. निंबाच्या झाडापाशी दोघं पोचली तेव्हा पहारेकरी लोकांना महाद्वाराकडे हाकत होते. सटवाजीनं हात जोडले. पन्नास पावलं आत जाऊन येतो, म्हणाला. म्हातारी आहे, लांबून आली आहे, म्हणाला. पहारेकरी काही दुष्ट नव्हता. पण नौबतीचे शेवटचे टोले पडत होते आणि हुकूम राजाचा होता.

"दिवसभर काय करत होतात, बाबा?" त्यानं विचारलं.

सटवाजीनं घंगाळाकडे बघितलं. साळूनं मान लांब करून गल्लीत बघितलं. गल्लीत अंधारत होतं, भिंत दिसत नव्हती. मग तिची तीच वळली आणि महाद्वाराबाहेर आली. बाहेर आल्यावर तिनं पदराची गाठ सोडली आणि चार खडे भावाच्या हातावर ठेवले. "हे राहिले बघ तुझे," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

परतीच्या वाटेवर त्यानं दहा वेळा विचारलं, तिथं काय होतं ते आता तरी सांग. ती म्हणायची, सांगण्यासारखं नाही रे ते, बघण्यासारखं आहे. पुढच्या वर्षी सगळ्यात आधी तिथंच जाऊ, असं त्यानं तिला वचन दिलं. ती हं म्हणाली.

गावी आल्यावर देवळात सगळा गाव जमला. सटवाजीनं आठ ठिकाणं रंगवून सांगितली. पाटलाचं तोंड एवढंसं झालं. साळू खांबाला टेकून ऐकत होती. कुणीतरी तिला विचारलं, साळूआक्का, तुम्ही काय बघितलं?

"मी घंगाळ बघितलं," ती म्हणाली.

सगळे खो खो हसले. सटवाजीही हसला. पुढं कितीतरी वर्षं ते स्वतःचं हसणं त्याच्या कानात राहिलं.

माघात साळूला ताप आला. चार दिवसांत वाचा गेली. शेवटच्या दिवशी दुपारी सटवाजी उशाशी बसला होता. तिनं उजवा हात उचलला, पंजा उघडला आणि तो समोरच्या भिंतीला लावल्यासारखा हवेत धरला. मग त्याच्या हाताकडे बोट केलं. पुन्हा पंजा उघडून धरला. त्याला वाटलं ती पाणी मागते आहे. त्यानं तिच्या तोंडाला पाण्याचा तांब्या लावला. ती दोन घोट प्याली आणि संध्याकाळी गेली.

पुढच्या तिथीला सटवाजी एकटाच भानुगडला गेला. वाटी नेली नाही, घंगाळ नेलं नाही. महाद्वार उघडल्यावर तो कुठंही न बघता निंबाच्या झाडापाशी आला आणि गल्लीत वळला. त्यानं पावलं मोजली. पन्नाससुद्धा नव्हती, बेचाळीस होती.

धाकटं तळं लहानसंच होतं. मागच्या भिंतीशी एक म्हातारी झाडलोट करत होती. तिचं नाव पुतळाबाई. भिंतीच्या खालच्या अंगाला, कमरेइतक्या उंचीवर, चुन्यात हातांचे ठसे उमटले होते. वीस-बावीस पंजे ओळीनं. सगळे उजवे आणि सगळे मुलींचे, लहान लहान. सटवाजीनं विचारलं, हे कुणाचे?

पुतळाबाई सांगू लागली. दुष्काळात हे तळं बांधलं तेव्हा चुना घासायला सगळ्या पोरीच होत्या. गवंड्यांची एक चाल होती. काम पुरं झालं की शेवटच्या ओल्या चुन्यात घासणाऱ्या पोरींनी एकेक पंजा उमटवायचा. ज्यांनी भिंत गुळगुळीत केली त्यांच्या हाताची तिच्यावर खूण राहावी म्हणून. हा बघा माझा, असं म्हणून तिनं एका ठशावर हात ठेवला.

सटवाजी ओळीवरून पुढं सरकत होता. शेवटच्या पंज्यापाशी तो थांबला. त्या पंज्याला लागून आणखी एक पंजा होता. कोवळ्या पानाएवढा. पाच बोटं कशीबशी उमटलेली, अंगठा जरा पुसट.

"ती एक वेडी पोर होती," पुतळाबाई म्हणाली. "तान्ह्या भावाला पाठीशी बांधून यायची. गवंडी म्हणाला, एकीनं एकच हात लावायचा. हिनं ऐकलं नाही. म्हणाली, हासुद्धा रोज कामावर येतो, याचाही हात पाहिजे. त्याची मूठ उघडेना, तर मुके घेऊन घेऊन उघडली हो. आम्ही सगळ्या हसत होतो. मोठा झाला की दाखवीन त्याला, म्हणायची."

सटवाजीनं आपला हात त्या इवल्या पंज्यावर ठेवला. त्याच्या एका हाताखाली तो सगळा झाकून गेला, आणि शेजारच्या पंज्याची बोटं त्याच्या करंगळीला टेकली. चुना तिथं खरबरीत होता. सटवाजी उभ्याउभ्या रडू लागला.

पुतळाबाईनं केरसुणी खाली ठेवली. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "तू होय रे तो? आणि ती कुठं आहे?"

"गेल्या वर्षी आली होती," सटवाजी म्हणाला. "त्या निंबाच्या झाडापर्यंत आली होती. मी आणली नाही तिला."

पुतळाबाईनं त्या दोन पंज्यांवरची धूळ पदरानं पुसली. सटवाजी त्या भिंतीशी बसला तो सूर्य मावळेपर्यंत बसला. त्या दिवसाच्या सगळ्या घटका त्याच्याजवळ होत्या आणि दाखवणारं माणूस नव्हतं. नौबत वाजली तेव्हा त्यानं कनवटीचे चार खडे काढले, दोन पंज्यांच्या खाली भिंतीच्या कडेला ठेवले आणि निघाला.

गावात लोकांनी विचारलं, या खेपेला काय काय पाहिलं? त्यानं सांगितलं, एक भिंत पाहिली. त्याहून जास्त तो कधी बोलला नाही. पुढंही त्यानं घटिकापात्र सांभाळलं, टोले दिले, लग्नं लावली. फक्त कुणी घरच्या म्हाताऱ्या माणसाला घेऊन प्रवासाला निघायचा दिवस विचारायला आलं, की तो आधी विचारायचा, जायचं कुणाच्या मनात आहे? आणि त्याचं उत्तर ऐकल्यावर म्हणायचा, मग ते म्हणतील तिथं आधी जा, वाटेत कुठंही थांबू नका.

तात्पर्य: ज्याच्या इच्छेसाठी घराबाहेर पडलो, त्याची जागा सगळ्यात आधी पाहावी, आपल्या माणसाला दिवसाच्या शेवटी ठेवलं, तर दिवस संपतो आणि ते माणूस राहून जातं.